धूळ मोजायला शिकवा

भुसावळजवळच्या दीपनगरात ५०० मेगावॅटचे दोन संच कोळशावर वीज तयार करतात. आपल्याकडच्या कोळशात बऱ्याचदा ३० ते ४५ टक्के राख असते, म्हणजे तीन वाघिणी कोळसा जळला की साधारण एक वाघीण राख उरते. हे सगळं या भागातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर घडतं. त्यांच्या पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत मात्र वितळणाऱ्या हिमनगांची चित्रं चिकटवलेली असतात, तीही दुकानातल्या छापील तक्त्यावरून कापून.

पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच सांगितलं. विषय आला, गुणही आले. प्रयोग राहून गेला.

तो करायला खर्च फारसा नाही. पांढऱ्या कार्डाला व्हॅसलिनचा पातळ थर लावून एक कार्ड रस्त्याकडेला, एक केळीच्या बागेत, एक शाळेच्या गच्चीवर टांगायचं आणि एक तुलनेसाठी कपाटात बंद ठेवायचं. आठवड्याने भिंगाखाली एका चौरस सेंटिमीटरमधले कण मोजायचे. खरी गंमत पुढेच आहे. राखेतले काही कण लोहचुंबकाला चिकटतात, पण खानदेशची काळी माती बेसॉल्टची असल्याने तिच्यातलेही चिकटतात. मग राख कोणती आणि माती कोणती? सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की उलगडतं. भट्टीत वितळून हवेत थंड झालेले राखेचे बरेच कण मण्यांसारखे गोल असतात, मातीचे कण ओबडधोबड. घाईने कुणालाही दोषी न ठरवता पुराव्याने बोलण्याची सवय मुलांना इथे लागते, आणि ती पुस्तकातून लागत नाही.

काळजी मात्र हवीच. मुलांना राखेच्या तळ्याजवळ नेऊ नये, कोरडी राख हाताळू देऊ नये. फुप्फुसात खोल जाणारे अतिसूक्ष्म कण भिंगाला दिसत नाहीत, तेव्हा प्रदूषण मंडळाच्या यंत्रांची जागा हे कार्ड घेऊ शकत नाही, हेही त्यांना सांगायला हवं.

१९९३ पासून भरणारी राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १० ते १७ वर्षांच्या मुलांकडून स्थानिक प्रश्नांवरचेच प्रकल्प मागते. फेकरी, वरणगाव, भुसावळच्या शाळांनी जानेवारीत आणि मेमध्ये एकाच आठवड्यात कार्डं लावावीत, वाऱ्याची दिशा रोज लिहावी आणि आकडे ग्रामसभेत मुलांनीच वाचून दाखवावेत.