चित्रातील माणसे कोणाची?

लालबाग-परळमध्ये जेथे एके काळी गिरणीचा भोंगा वाजत असे, तेथे आज पत्र्याच्या कुंपणावर उत्तुंग मनोऱ्यांची रंगीत चित्रे झळकतात. इमारतीचा पाया अजून भरावयाचा असतो. परंतु तिच्या अंगणात माणसे मात्र सुखाने वावरू लागलेली असतात. ही माणसे कोण, ती तेथे कशी आली आणि आणण्यापूर्वी त्यांना कोणी विचारले काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो आता विचारलाच पाहिजे.

वास्तुचित्रात माणूस दाखविण्याची प्रथा जुनी आहे. दाराची उंची वा पायरीची रुंदी यांचे माप मानवी देहावरूनच कळते. पूर्वी वास्तुविशारद ही आकृती स्वहस्ते रेखाटीत असे. पुढे मासिकांतील छायाचित्रे कात्रीने कापली जाऊ लागली. संगणक आल्यावर तर कोणाचेही छायाचित्र उचलून हव्या त्या अंगणात उभे करणे हे काही मिनिटांचे काम झाले. रेखाटलेली आकृती कोणाचीच नव्हती. उचललेल्या आकृतीला मात्र नाव आहे, गाव आहे आणि पोटही आहे.

‘इंटरनेटवर सापडले, म्हणून वापरले’ हा बचाव कायद्यापुढे टिकत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. मग दुसरी पळवाट शोधली जाते : छायाचित्रकाराला पैसे मोजले की झाले! परंतु छायाचित्रकाराचा हक्क छायाचित्रावर असतो, त्यातील माणसाच्या चेहऱ्यावर नव्हे. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’सारखा मुक्त परवानाही चित्रित व्यक्तीची संमती मिळवून देत नाही. संमतीवाचून एखाद्याचे नाव वा प्रतिमा जाहिरातीसाठी वापरणे हा त्याच्या खाजगीपणाचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने राजगोपाल खटल्यात १९९४ सालीच सांगितले. २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले.

मात्र हक्क कागदावर असणे आणि तो बजावता येणे यांत वर्गाची भिंत उभी असते. व्यावसायिक मॉडेल संमतीपत्रावर सही करते आणि मोबदला घेते. रस्त्यावर टिपलेल्या हमालाला वा भाजीवालीला आपला चेहरा कोणत्या मनोऱ्याच्या पायथ्याशी उभा आहे, याचा पत्ताही नसतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने जाहिरातीतील खोट्या विधानाने फसलेल्या ग्राहकाला भरपाईचा हक्क दिला, हे योग्यच झाले. पण त्याच जाहिरातीत ज्याचा चेहरा राबविला गेला, त्याची कैफियत कोणी ऐकावी?

उरलेल्या श्रमिकांना तर चित्रात जागाच नसते. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा मोठा वाटा मोकळ्या जागेला व सार्वजनिक घरांना दिला होता; २००१ च्या दुरुस्तीने तो केवळ आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता आकसला. ज्यांना जमिनीतून वगळले, त्यांना चित्रातूनही वगळले, तर त्यात नवल ते काय?

लहान कार्यालयांना हे सारे परवडणार नाही, अशी ओरड होईल. ती फोल आहे. वस्तीत एक दिवस छायाचित्रकार न्यावा. छायाचित्र कोणत्या प्रकल्पासाठी, कोठे व किती काळ वापरले जाईल, हे मराठीत लिहिलेले संमतीपत्र वाचून दाखवावे. दिवसाची मजुरी द्यावी. मुलांसाठी पालकांची सही घ्यावी. एवढेही जमत नसेल, तर पूर्वीसारखी रेघेची माणसे काढावीत. माप त्यांनीही कळते. यंत्राने घडविलेले चेहरे हाही निर्दोष मार्ग नव्हे; असंख्य माणसांच्या छायाचित्रांवर पोसलेल्या यंत्राने त्यांतील किती जणांना विचारले होते?

१९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने स्थापन झालेल्या परिषदेने आपल्या आचारनियमांत संमतीची अट घालावी. महापालिका व म्हाडा यांनी संमतीपत्रांशिवाय असे एकही चित्र स्वीकारू नये. ज्यांच्या श्रमाने शहर उभे राहते, त्यांचे चेहरे फुकट वापरण्याचा परवाना कोणत्याही बिल्डरला कोणी दिलेला नाही.