मिश्र अध्ययन : कोणत्या अटीवर?

संपादक महाशय,

वर्गातील तास आणि ऑनलाइन पाठ यांची सांगड घालणाऱ्या मिश्र अध्ययनाचा पुरस्कार हल्ली इतक्या उत्साहाने होतो, की विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मे २०२१ च्या मसुद्यातील ४० टक्के ऑनलाइन अध्यापन ही कमाल मर्यादा होती, सक्ती नव्हती, याचेही विस्मरण व्हावे. या पद्धतीला माझा तत्त्वतः विरोध नाही. ज्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ परिसरात, गुरुत्वीय लहरींचा वेध घेणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेची योजना आहे, तेथील पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला ‘स्वयम्’ या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरून नामांकित अध्यापकांची व्याख्याने पुनःपुन्हा ऐकता यावीत, हे कोणाही शिक्षकाला इष्टच वाटेल.

परंतु वसमतकडील शिवारात हळद काढून, शिजवून, वाळत घालण्याची लगबग सुरू असते, तेव्हा घरातला एकुलता स्मार्टफोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो आणि मुलगी खळ्यावर. शिवाय सर्वच विद्या पडद्यावरून उतरत नाही. रसायनशास्त्रातील अनुमापनच घ्या : ब्यूरेटची तोटी चिमटीत धरून अल्काचा एकेक थेंब सोडताना, फ्लास्कमधील द्रव फिकट गुलाबी होऊन तसाच राहतो तो क्षण ओळखणे, आणि एक थेंब अधिक पडून रंग गडद झाला की प्रयोग पुन्हा मांडणे, ही शिकवण हाताला मिळावी लागते; चित्रफितीत रंग नेहमीच ठरल्या वेळी बदलतो.

खरी धास्ती याहून वेगळी आहे. अनेक महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा रिक्त असून अध्यापनाचा गाडा तासिका तत्त्वावरील अध्यापकांच्या जिवावर चालतो; अशा स्थितीत ४० टक्के पाठ चित्रफितींवर सोपविता येतात असे एकदा दफ्तरी नमूद झाले, म्हणजे तितक्या तासिका, आणि कालांतराने तितक्या जागाही, अनावश्यक ठरविण्यास आयते निमित्त मिळेल.

सबब, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाने ऑनलाइन तास वेळापत्रकात घालून महाविद्यालयाच्याच इमारतीत, विषयाचा अध्यापक शंकानिरसनास हजर असताना घेण्याची तजवीज करावी. ते तास त्याच्या कार्यभारात पूर्ण धरावेत. प्रात्यक्षिके त्यांतून सर्वस्वी वगळावीत. घरी पाठ पुन्हा पाहण्याची सोय जरूर असावी, पण ती जोड म्हणून, बदली म्हणून नव्हे. एवढा बंदोबस्त करण्याची ज्यांची तयारी नाही, त्यांनी खडू-फळ्याचा तास कमी करण्याची मुभाही मागू नये.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
वसमत, जि. हिंगोली