नोंद नाही म्हणून रोग नाही?

बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या दोन जिल्ह्यांत पुरुषांमधलं कर्करोगाचं प्रमाण दर लाखामागे 39.5, आणि मिझोराममधल्या ऐझॉल जिल्ह्यात 269.4. आकडे 2012 ते 2016 या काळातले आहेत, लोकसंख्येतल्या वयाचा फरक काढून टाकून काढलेले आहेत आणि राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020च्या अहवालात छापलेले आहेत. स्त्रियांच्या यादीतही तळाला हेच दोन जिल्हे आहेत, 49.4वर. देशभरातल्या 28 नोंदणी केंद्रांत सर्वांत खाली आपला मराठवाडा. असे आकडे पाहिले की एक निष्कर्ष चटकन काढला जातो: ज्वारीची भाकरी, मोकळी हवा, अंगमेहनत, म्हणून कर्करोग कमी. सगळ्या कर्करोगांची मिळून बेरीज असते तेव्हा या म्हणण्यात थोडंफार तथ्य असू शकतं. ऐझॉलमध्ये तंबाखूचं सेवन प्रचंड आहे, जठराचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग तिथे खरोखरच जास्त आहे. पण हाच निष्कर्ष रक्ताच्या कर्करोगाला लावला जातो, 'आमच्याकडे ल्युकेमिया फार नाही', 'मायलोमा हा शहरी आजार', असं सुशिक्षित माणसं, क्वचित डॉक्टरही, सहज बोलून जातात. ते म्हणणं मला चुकीचं वाटतं आणि धोक्याचंही वाटतं.

पूर्वपक्ष मात्र नीट मांडायला हवा, कारण त्याच्या बाजूने तीन युक्तिवाद आहेत आणि तिन्हींचं वजन सारखं नाही. पहिला आहाराचा आणि शुद्ध हवेचा. तो लवकर निकालात निघतो, कारण लहान मुलांचा ल्युकेमिया कुठल्या आहाराने टळतो असा पुरावा नाही. दुसरा वंशाचा. हा काही प्रकारांत खरा आहे. म्हातारपणी होणारा दीर्घकालीन लिम्फोसायटिक ल्युकेमिया जपानी आणि चिनी लोकांत कमीच आढळतो, आणि त्यांची मुलंनातवंडं अमेरिकेत वाढली तरी तो फारसा वाढत नाही. तिसरा युक्तिवाद सर्वांत तोलाचा आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ मेल ग्रीव्हज यांनी मांडलं की जन्मानंतर पहिल्या वर्षात नेहमीचे जंतुसंसर्ग झालेल्या मुलांची प्रतिकारशक्ती वेळेवर घडते. ज्यांना ते संसर्ग उशिरा होतात त्यांच्यातल्या काहींना दोन ते पाच वर्षांच्या वयात लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया होतो. ब्रिटनमध्ये या वयातला उंचवटा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसू लागला, जपानमध्ये त्यानंतर, समृद्धीच्या पाठोपाठ. म्हणजे धुळीत, भावंडांच्या गराड्यात वाढणाऱ्या मुलांमध्ये हा आजार काही अंशी खरोखरच कमी असू शकतो.

हे मी मान्य करतो. पण 'काही अंशी' म्हणजे किती, हे ठरवायला आधी एक अट पूर्ण व्हावी लागते, आणि ती अट आपल्या मीमांसकांनी फार पूर्वी घालून ठेवली आहे. अनुपलब्धी हे ज्ञानाचं साधन खरं, पण वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असेल तेव्हाच. घट जमिनीवर नाही असं म्हणायला खोलीत उजेड हवा. अंधारात चाचपून 'घट नाही' म्हणणाऱ्याचं म्हणणं प्रमाण नव्हे.

रक्ताच्या कर्करोगाच्या बाबतीत हा उजेड म्हणजे काय, तेही बघू. स्तनातली गाठ हाताला लागते, तोंडातला व्रण डोळ्यांना दिसतो. ल्युकेमियाला गाठ नसते. मूल फिकं पडतं, ताप येतो, हातपाय दुखतात, हिरड्यांतून रक्त येतं. तालुक्याच्या लॅबमध्ये सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, होते. यंत्र पांढऱ्या पेशी मोजतं आणि त्यात काही वावगं दिसलं तर कागदावर खूण उमटवतं. इथून पुढे माणूस लागतो. काचेच्या पट्टीवर रक्ताचा एक थेंब ठेवून दुसऱ्या काचेच्या कडेने तो पातळ ओढायचा, वाळवायचा, लिशमन रंगाने रंगवायचा, आणि शंभरपट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली, तेल टाकून, एकेक पेशी बघायची. ज्याने ब्लास्ट (ल्युकेमियातल्या अपक्व) पेशी पूर्वी पाहिल्या आहेत तो त्या मोठ्या, जवळजवळ सगळी पेशी व्यापणाऱ्या केंद्रकावरून ओळखतो. ज्याने पाहिल्या नाहीत तो त्यांना 'मोठ्या लिम्फोसाइट' म्हणून मोजून टाकतो. अनेकदा असा स्मिअर काढलाच जात नाही, यंत्राचा छापील कागद हाच अहवाल होतो. पावसाळा असेल आणि प्लेटलेट घसरलेल्या असतील तर तो डेंग्यू ठरतो. ताप लांबला तर टायफॉईड. सांधे दुखले तर वात.

याहून घातक गोष्ट यानंतर घडते. तापाला आणि सांधेदुखीला उतार पडावा म्हणून गावातला डॉक्टर डेक्सामेथासोनची इंजेक्शनं देतो किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या लिहून देतो. स्टेरॉइड हे लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरच्या उपचाराचंच एक औषध आहे. त्यामुळे मूल दोन-तीन दिवसांत उठून बसतं, जेवू लागतं, खेळू लागतं. रक्तातल्या ब्लास्ट पेशी काही काळ नाहीशा होतात. त्या आठवड्यात कुणी स्मिअर केला तरी तो निर्दोष निघू शकतो. आईबाप डॉक्टरला दुवा देतात. महिन्या-दीड महिन्यात आजार परततो, तेव्हा तो आधीपेक्षा हट्टी असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी पोचायच्या आत मूल दगावलं तर त्याच्या मृत्यूचं कारण 'ताप'. देशात 2020 मध्ये नोंदलेल्या मृत्यूंपैकी 22.5 टक्के मृत्यूंचंच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालं होतं. उरलेल्या मृत्यूंमध्ये ल्युकेमियाचे किती, हे कोणत्या तक्त्यावरून कळणार? श्रीमंत देशांत या आजाराच्या दहापैकी सुमारे नऊ मुलं आज बरी होतात, म्हणून हा प्रश्न नुसत्या मोजदादीचा राहत नाही.

मोठ्या माणसांच्या मायलोमाचं तसंच आहे. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा हा कर्करोग. कंबर धरते, मणके ठिसूळ होतात, हिमोग्लोबिन उतरतं, मूत्रपिंडं निकामी होत जातात. पन्नाशीपुढच्या शेतकऱ्याची कंबर दुखली तर ती ओझ्याने दुखते हे गृहीतच असतं. आणि ज्या देशात राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची 67.1 टक्के मुलं रक्तक्षयी निघाली, तिथे 'अंगात रक्त नाही' याला निदान कोण मागणार? लोहाच्या गोळ्या मिळतात. मायलोमा ओळखण्यासाठी रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी लागते, आणि ती करायला आधी कुणाच्या तरी मनात संशय यावा लागतो.

इथेच वंशाच्या युक्तिवादाची परीक्षाही झालेली आहे. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकनांमध्ये मायलोमा गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळतो. त्यांचे पूर्वज ज्या पश्चिम आफ्रिकेतून नेले गेले तिथल्या नोंदींत मात्र तो नगण्य. दोन्ही गोष्टी वंशाने कशा सिद्ध होणार? मग संशोधकांनी घानातल्या पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांचं रक्त थेट तपासलं. मायलोमाच्या आधीची जी लक्षणरहित अवस्था असते, रक्तात एकाच साच्याचं प्रथिन सापडण्याची, ती त्यांच्यात वयाचा फरक काढून 5.84 टक्के निघाली. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत हे प्रमाण जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे समुद्रापलीकडच्या वंशजांइतकंच. आजाराची पूर्वावस्था गावागावांत होती. चाचणी नव्हती.

मुलांच्या ल्युकेमियाबद्दल 2008च्या एका जागतिक आढाव्यात कमी उत्पन्नाच्या देशांत दर दहा लाख मुलांमागे सुमारे 16 आणि श्रीमंत देशांत सुमारे 41 अशी नोंद दिसली. देशाची मिळकत वाढते तसा नोंदलेला ल्युकेमिया वाढतो. 2019 मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आलेल्या अंदाजानुसार दक्षिण आणि आग्नेय आशियात कर्करोग झालेल्या मुलांपैकी 49 टक्क्यांचं निदानच होत नाही. पश्चिम युरोपात आणि उत्तर अमेरिकेत हेच प्रमाण 3 टक्के.

यावर ग्रीव्हज यांचा समर्थक म्हणेल की हे अंदाज प्रारूपांवरून काढलेले आहेत, गरीब मुलांत आजार खरोखर कमी नसेल कशावरून? रास्त शंका आहे. तिची परीक्षा घ्यायला आपल्याच नोंदवह्या पुरतात, मुलगे आणि मुली वेगळे मोजले की झालं. मुलांच्या ल्युकेमियात मुलगे थोडे जास्त असतात हे जगभर दिसतं: दहा मुलींमागे बारा-तेरा. भारतातल्या कर्करोग रुग्णालयांच्या नोंदींत, सगळे बालकर्करोग धरून, दहा मुलींमागे वीसच्या आसपास मुलगे येतात. उत्तर भारतात ही तफावत दक्षिणेपेक्षा जास्त आहे, आणि महानगरांच्या लोकसंख्येवर आधारलेल्या नोंदींत ती कमी होते. आता सांगा, भाऊ आणि बहीण एकाच घरात वाढतात. चुलीवरची भाकरी तीच, आडाचं पाणी तेच, अंगणातली धूळ तीच, जंतू तेच आणि आईबापही तेच. आहार, हवा, वंश, बालपणीचा संसर्ग यांपैकी कुठलंही कारण बहिणीला वगळून भावाला गाठत नाही. जन्मालाच मुली कमी येतात हे दुर्दैवाने खरं आहे, पण हजार मुलग्यांमागे सव्वानऊशे-साडेनऊशे मुली एवढ्या फरकाने ही दुप्पट भरून निघत नाही. मधल्या सगळ्या मुली तपासणीच्या काचेपर्यंत आणल्याच गेल्या नाहीत. तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून मुंबईला न्यायचा निर्णय मुलासाठी कर्ज काढून घेतला जातो आणि मुलीसाठी 'बघू, उतार पडतोय का' म्हणून पुढे ढकलला जातो. हे लिहितानाही हात जड होतो, पण दुसरं स्पष्टीकरण मला सापडलेलं नाही. आणि एका घरात एक तृतीयांश मुली गळू शकतात, तर एका जिल्ह्यात किती मुलं गळत असतील?

बार्शीचा दाखला देऊन एक आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांत नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जात, लोकांशी बोलत, लक्षणं असलेल्यांना नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयात आणत. रुग्ण येण्याची वाट न बघता त्याच्या दारी जाणारी ही पद्धत देशाला दिशा देणारी ठरली. तरीही तिथले आकडे कमीच निघाले, तेव्हा आजारच कमी नाही का? तोंडाच्या, गर्भाशयमुखाच्या, स्तनाच्या कर्करोगाबद्दल बार्शीचे आकडे मी मानतो. अंगावर जाणं, न भरणारी जखम, गाठ ही लक्षणं विचारल्यावर माणूस सांगतो, आणि त्या आजारात कार्यकर्त्याच्या पुढच्या फेरीपर्यंत तो हयात असतो. तीव्र ल्युकेमियाचं मूल उपचाराविना काही आठवड्यांत जातं आणि त्याचं लक्षण म्हणजे गावात सगळ्यांनाच येणारा ताप. लक्षण विचारून होणाऱ्या शोधातून रक्ताचा कर्करोग निसटतो. उत्तम नोंदणीतूनही निसटतो.

याच चुकीची उलटी बाजूही आहे, ती थोडक्यात सांगतो. कुठे आकडा जास्त दिसला की लगेच पाण्यात विष, मोबाइलच्या मनोऱ्याचा किरणोत्सर्ग. इंग्लंडमधल्या सेलाफिल्ड अणुप्रकल्पाशेजारच्या सीस्केल गावात 1983 मध्ये मुलांच्या ल्युकेमियाचा पुंजका उजेडात आला. तो खरा होता, पण प्रकल्पातून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग त्याचं कारण ठरण्याइतका निघाला नाही. वडिलांना कामावर मिळालेल्या मात्रेवर बोट ठेवणारी 1990ची उपपत्तीही टिकली नाही. जास्त आकड्यावरून कारण ठरवायची घाई आणि कमी आकड्यावरून आरोग्य ठरवायची घाई, दोन्हींत तपासणीची पायरी गाळलेली असते.

तरीही प्रदेशाप्रदेशांतले फरक निरर्थक आहेत असं मी म्हणत नाही. उजेड सगळीकडे सारखा असेल तर हेच फरक अमोल ठरतात. 1970च्या दशकात क्योटोतल्या डॉक्टरांनी एका विचित्र ल्युकेमियाचे रुग्ण पाहिले. त्यांच्या पेशींची केंद्रकं फुलासारखी पाकळ्यापाकळ्यांची होती. कियोशी ताकात्सुकी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांना जन्मगाव विचारलं, तर बहुतेक नैर्ऋत्येच्या क्युशू बेटावरचे निघाले. 1977 मध्ये या आजाराची स्वतंत्र ओळख पटली, पुढे त्यामागचा विषाणू सापडला, तो आईच्या दुधातून बाळाकडे जातो हे कळलं, आणि 1987 पासून नागासाकी प्रांताने गर्भवतींची तपासणी करून बाधित मातांना बाळाला अंगावर न पाजण्याचा सल्ला द्यायला सुरुवात केली. एका जन्मगावाच्या प्रश्नाने पुढच्या पिढीतल्या मुलांचा संसर्ग टाळता आला. हे साधलं, कारण क्योटोत प्रत्येक संशयित रुग्णाचं रक्त कुणीतरी भिंगाखाली डोळ्यांनी पाहिलं होतं.

आपल्याकडे हे करता येण्यासारखं आहे आणि खर्चही अवाढव्य नाही. सीबीसीच्या यंत्राने खूण उमटवली की स्मिअर झालाच पाहिजे, हा ग्रामीण रुग्णालयातला नियम व्हावा. काचेचा फोटो त्याच दिवशी जिल्ह्याच्या पॅथॉलॉजिस्टकडे जावा. ताप, फिकेपणा आणि हाडं दुखणं एकत्र असलेल्या मुलाला स्मिअर होईपर्यंत स्टेरॉइड देऊ नये, हे प्रत्येक खासगी डॉक्टरपर्यंत लेखी पोचावं. शासकीय योजनेतून ल्युकेमियाच्या उपचाराला पैसे मिळतात, पण तिथवर पोचायला निदानाचा कागद लागतो. बोन मॅरोच्या तपासणीचा आणि त्यासाठीच्या प्रवासाचा खर्च संशयाच्या टप्प्यावरच मिळावा, मुलीसाठी तर आधी मिळावा. कर्करोगाची नोंद देशभर कायद्याने सक्तीची करा, असं संसदीय समितीने 2022 मध्ये सुचवलं आहे, ते अमलात यावं. आणि दर जिल्ह्याच्या ल्युकेमियाच्या आकड्याशेजारी दोन आकडे आणखी छापावेत: त्या वर्षी किती स्मिअर वाचले गेले, आणि दहा मुलींमागे किती मुलगे नोंदले गेले. हा दुसरा आकडा तेराच्या जवळ येईपर्यंत बीड, धाराशिव किंवा कुठल्याही जिल्ह्याने आपल्याकडे रक्ताचा कर्करोग कमी आहे असं म्हणू नये.