सेम्लाचा मंगळवार

माझी धाकटी लेक स्टॉकहोमला असते, हे इथे नेहमी येणाऱ्यांना ठाऊक आहेच. परवा फोनवर तिला विचारलं, "काय गं, यंदा तो सेम्लाचा मंगळवार कधी?" तर शेजारून नातू म्हणाला, "आजी, कंटाळा आला सेम्लाचा. जानेवारीपासून खातोय." मला वाईट वाटलं. आणि वाईट वाटलं की मी लिहायला बसते, हेही तुम्हाला ठाऊक आहे!

सेम्ला म्हणजे वेलदोड्याच्या वासाचा, मैद्याचा गोल पाव. वरची टोपी कापायची, आतला गर थोडा कोरायचा, बदामाचा गोड लगदा भरायचा, त्यावर फेटलेलं क्रीम, मग टोपी परत ठेवून पिठीसाखर भुरभुरायची. पूर्वी हा पाव गरम दुधात घालून खात. स्वीडनचा राजा आडॉल्फ फ्रेडरिक १२ फेब्रुवारी १७७१ ला भरपेट जेवणावर असाच दुधातला पाव खाऊन वारला. तो दिवसही नेमका हाच मंगळवार. बिचाऱ्याचं राज्य विसरलं गेलं, जेवण तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

आता हा मंगळवारच का? दुसऱ्या दिवशी, राखेच्या बुधवारी, ख्रिस्ती मंडळींचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. मध्ययुगात त्यात मांसच काय, अंडी, दूध, लोणीही वर्ज्य असे. मग घरातले हे जिन्नस वाया कशाला घालवायचे? ते आधीच संपवायचे. इंग्लंडात त्याचे पॅनकेक झाले. पोलंडात आधीच्या गुरुवारी मुरंबा भरून तळलेले पाँचकी खातात, रशियात लोण्याच्या आठवड्यात ब्लिनी. आपल्या गोव्याचा इंत्रुजही याच दिवसांतला. या सगळ्या चैनीच्या मुळाशी घरच्या बाईची काटकसर आहे, हे विसरू नका.

काही शहाणे याला ढोंग म्हणतात. आज ताव मारायचा आणि उद्यापासून साधू! श्रावणाआधीच्या आपल्या गटारीलाही हेच ऐकून घ्यावं लागतं. गटारांत लोळणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. पण उद्यापासून हे मिळणार नाही, हे जाणून खाल्लेला घास वेगळा लागतो. प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण जेवू घालतो, त्याला कुणी ढोंग म्हणतं का?

माझा भाचा मात्र वाद घालण्यात पटाईत. तो म्हणतो, "मावशी, स्वीडनमध्ये सोळाव्या शतकात धर्मसुधारणा झाली आणि तो कडक उपवास मागे पडला. उपवासच नाही, तर मंगळवारचा हट्ट कशाला? ज्याला जेव्हा हवं तेव्हा खाऊ दे की!"

मुद्दा बिनतोड वाटतो, पण नाही. उपवास सुटल्यावरही तिथल्या लोकांनी वार धरून ठेवला होता. मंगळवारी खाल्ला की ईस्टरपर्यंत दर मंगळवारी खायचा, पण मंगळवारीच. म्हणजे धर्माची सक्ती गेली तरी वाट बघण्यातली गोडी त्यांना कळली होती. आता नाताळचं झाड उतरायच्या आत दुकानात सेम्ला हजर. दुकानदाराला बोल लावून उपयोग नाही, आपण घेतो म्हणून तो विकतो. आणि नातवाला त्या मंगळवारी खायला उरतं काय? कंटाळा!

आपण तरी कुठे वेगळे? त्यांनी उपवास सोडून मेजवानी ठेवली. आपण उपवास ठेवला आणि त्याचीच मेजवानी केली. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण काही उगाच पडली नाही.

आता माझाच गुन्हा सांगते. मागच्या होळीला मी पुरण घातलं नाही. गुडघे दुखत होते, आणि पाकिटातली पोळी हल्ली बारा महिने मिळतेच. पानात वाढली, वर तुपाची धार घातली. कुणी काही बोललं नाही. आईच्या वेळी पुरणयंत्र माळ्यावरून खाली आलं की आम्ही भावंडं स्वयंपाकघराच्या दारातून हलत नसू. त्या दिवशी मात्र सगळे टीव्हीकडे बघत जेवले. चूक पोळीची नव्हती. महिन्यापूर्वीच आम्ही तीच पोळी खाल्ली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, सगळं सोडू नका. प्रत्येक घराने एक पदार्थ, फक्त एक, त्याच्या दिवसासाठी राखून ठेवावा. इतर दिवशी तो समोर आला तरी नको म्हणावं.

नातवाशी पैज लावली आहे. पुढच्या वर्षी त्याने मंगळवारपर्यंत सेम्ला खायचा नाही, मी होळीपर्यंत पुरणपोळीला हात लावायचा नाही, आणि होळीला पुरण घरी वाटायचं. तो म्हणाला, "आजी, तूच आधी हरशील."

बघू या. तुमच्या घरचा राखीव पदार्थ कोणता, ते जरूर कळवा.