त्रैराशिकाचा थोरला भाऊ

कला शाखेत राहून गणित घेणाऱ्याकडे लोक जरा चमत्कारिक नजरेने पाहतात. त्यांचे सोडा. पण आम्ही तरी गणित शिकतो की पाठ करतो, असा प्रश्न मला यंदा रेषीय रूपांतरणाच्या प्रकरणाने पाडला. फळ्यावर व्याख्या आली, दोन अटी आल्या, आम्ही उतरवून घेतल्या. परीक्षेत मॅट्रिक्सचे गुणाकार बिनचूक केले. पण आडवी ओळ उभ्या रकान्याशीच का गुणायची, हे आमच्यापैकी एकालाही सांगता आले नसते.

उलगडा घरी झाला. माझे वडील लग्नकार्यात स्वयंपाकाच्या कामाला जातात. पन्नास ताटांचा हिशेब ते कागदाशिवाय करतात. कसा, असे विचारले तर म्हणाले, "एक ताटनं माप माहीत शे ना, मंग शंभरनं बी माहीत शे."

समजा, भरिताच्या एका ताटाला पाव किलो वांगी व एक पळी तेल लागते. शेवभाजीच्या ताटाला वांगी शून्य, तेल दोन पळ्या. (शेव-मसाला तूर्त बाजूला ठेवू.) ४० ताटे भरिताची व १० शेवभाजीची असतील तर वांगी १० किलो, तेल ६० पळ्या. दोनच ताटे ठाऊक असली की जगातली कोणतीही मागणी सांगता येते. त्या दोन ताटांची मापे दोन उभ्या रकान्यांत मांडली, की झाले मॅट्रिक्स! आणि त्या दोन अटी म्हणजे काय? दोन पंगतींचे सामान एकत्र काढा किंवा वेगवेगळे काढून मिळवा, उत्तर एकच. पंगत तिप्पट तर सामान तिप्पट.

आता वांगी ४० रुपये किलो व तेल ५ रुपये पळी धरू. सामानाचे पैशांत दुसरे रूपांतरण झाले. दोन्ही जोडली की भरिताचे ताट १५ रुपयांना व शेवभाजीचे १० रुपयांना पडते. सगळी पंगत ७०० रुपयांत. ही जोडणी करताना आपण ओळ रकान्याशीच गुणत असतो. दोहोंचा क्रम उलटा करून चालत नाही, हेही इथे आपोआप कळते.

हे सारे त्रैराशिकच आहे, फक्त एका राशीच्या जागी अनेक राशी. आणि त्रैराशिकाशी खानदेशाचे जुने नाते आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त म्हटले आहे की विश्व जसे नारायणाने व्यापले आहे तसे गणित त्रैराशिकाने व्यापले आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ काढला व त्याला देणगी मिळाली, हे सांगणारा शके ११२८ चा शिलालेख आपल्याच चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणला डॉ. भाऊ दाजी लाड यांना सापडला. यावरून 'सगळे आमच्याकडे होतेच' असे म्हणणाऱ्यांत मी नाही. मॅट्रिक्सचे स्वतंत्र गणित केलीने १८५८ साली मांडले. ते श्रेय त्याचेच. पण त्याच्यापर्यंत जायची पहिली पायरी आम्ही सातवी-आठवीतच चढलो होतो, हे आम्हांला कोणी सांगितले नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

भास्कराचार्यांनी व्यस्त त्रैराशिक वेगळे काढले. माणसे दुप्पट केली तर दिवस निम्मे होतात. तिथे साधे त्रैराशिक लावायचे नाही. म्हणजे नियम कुठे लागू नाही, हेही शिकवायचे असते. आमच्या पुस्तकांत नेमके हेच घाईने उरकलेले असते. आचारी जर म्हणाला, "येण्याचेच ५०० रुपये घेईन, ताटाचे वेगळे," तर खर्चाचा आलेख सरळ रेषाच येईल, पण ते रेषीय रूपांतरण नव्हे! शून्य ताटांना ५०० रुपये पडतात आणि पंगत दुप्पट केली तरी खर्च दुप्पट होत नाही. 'रेषीय' या शब्दानेच इथे फसगत होते.

कोणी म्हणेल, ताटे-वांगी हे पोरखेळ झाले. पुढे अमूर्त विचारच करावा लागतो. मान्य आहे. मोबाइलवर चित्र फिरवताना, ताणताना हेच रूपांतरण चालते आणि तिथे वांगी कामाला येत नाहीत. पण अमूर्ताकडे जायला कुठून तरी निघावे लागते. जे घरात पहिल्यांदाच कॉलेजात आले, ते न समजलेले विचारायला लाजतात, पाठ करतात, पुढच्या वर्षी विषय सोडतात. आमच्या वर्गातून असे तिघे गेले.

म्हणून प्राध्यापकांना विनंती आहे की हे प्रकरण पुढच्या वर्गाला शिकवताना पहिल्या तासाला व्याख्या लिहू नये. त्रैराशिक घालावे, मग आचाऱ्याच्या ५०० रुपयांचे काय करायचे ते वर्गालाच विचारावे. आणि परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा, की ज्याचे उत्तर आकडे न लिहिता मराठीत चार वाक्यांत द्यावे लागेल.