फरशी बसण्याआधी गरम पाण्याचं ठरवा

नवं घर बांधणाऱ्या आणि दसरा-दिवाळीला फ्लॅटचा ताबा घेणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती आहे: न्हाणीघरात गॅस गीझर लावू नका. लावला असेल तर आजपासून वापरू नका आणि तिथून काढून घ्या. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

थंडी पडली की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी येते. अंघोळीला गेलेलं माणूस बराच वेळ बाहेर आलं नाही, हाका मारल्या, शेवटी दार तोडलं. बातमीत ‘गुदमरून मृत्यू’ असं छापतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, गॅस गळत असणार. पुष्कळदा तो गळालेला नसतोच. नळी शाबूत, रेग्युलेटर ठीक, गीझर व्यवस्थित चालू. जीव घेतो तो अर्धवट जळलेल्या गॅसातून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, म्हणून गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग हातापायांतलं त्राण जातं. कडी हाताशी असते, पण ती काढता येत नाही. कधी थोडक्यात निभावतं, तेव्हा घरचे म्हणतात, पित्त झालं असेल, उपाशीपोटी चक्कर आली असेल. आणि दुसऱ्या दिवशी तोच गीझर पुन्हा पेटतो.

हिशेब सोपा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर तासाला जवळपास एक किलो गॅस जाळतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण बारा घनमीटर हवा लागते. चार बाय सहा फुटांची, आठ फूट उंच न्हाणी म्हणजे जेमतेम साडेपाच घनमीटर. सगळं बंद असेल तर वीस मिनिटांत त्यातल्या चार घनमीटर हवेइतका ऑक्सिजन गीझर खाणार. आणि हवा कमी पडू लागली की ज्योत अर्धवट जळते, विष तिथूनच सुरू होतं. दिवाळीच्या पहाटे घरातली सहा माणसं पाठोपाठ अभ्यंगस्नान उरकतात, रंगपंचमीला रंग उतरेपर्यंत नळ बंद होत नाही. पहिल्याला काहीच होत नाही, म्हणून पाचवा निर्धास्त असतो.

‘आमच्याकडे खिडकी आहे,’ असं सांगतात. ती बहुधा डक्टमध्ये उघडते आणि थंडीत बंदच असते. एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर फेकतो, पण दाराखालची फट पट्टी लावून बुजवली असेल तर आत हवा येणार कुठून? त्यात वरच्या-खालच्या मजल्यांवरचे गीझरही त्याच डक्टमध्ये धूर सोडत असतात. ड्राय बाल्कनीत लावणारे अधिक शहाणे, पण ती उघडी असेपर्यंतच. दोन वर्षांत कबुतरांना कंटाळून तिला काचेच्या सरकत्या खिडक्या लागतात, वॉशिंग मशीन येतं, आणि गीझर पुन्हा बंद खोलीत.

आपल्या आजी-आजोबांचा बंब अंगणात नाहीतर परसात पेटायचा. त्याला धुराडं असायचं, तोटीला बादली लावायची, पाणी उचलून आत न्यायचं आणि विसण घालून अंघोळ करायची. जाळ बाहेर, पाणी आत. एवढा एक नियम पाळला तरी पुरे.

हा निर्णय घरात मुळात कुणी घेतच नाही, ही खरी अडचण आहे. फरशीच्या रंगावर महिनाभर वाद होतात. गरम पाण्याचं मात्र प्लंबर ठरवतो. ‘लाइन काढून ठेवतो, गीझरचं नंतर बघा,’ म्हणतो. नंतर फरशी फोडायची कुणाची तयारी नसते, पैसे संपत आलेले असतात आणि चार-पाच हजारांत मिळणारा गॅस गीझर शॉवरशेजारी लटकतो.

म्हणून आत्ताच बोला. स्वतःची गच्ची असेल तर पहिला विचार सोलरचा. चौघांना रोज शंभर लिटरची यंत्रणा सहसा पुरते. आर्किटेक्टला स्लॅब पडायच्या आधी सांगा, कारण साध्या सोलरची गरम पाण्याची टाकी थंड पाण्याच्या टाकीपेक्षा खाली असावी लागते. दक्षिणेकडून सावली येता कामा नये. शेजारच्या प्लॉटवर उद्या किती मजले उठतील याचाही अंदाज घ्या. गरम पाण्याची लाइन सीपीव्हीसीची घ्या, साधा पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतो. पाइपला उष्णतारोधक वेष्टण घाला, नाहीतर गच्चीवरून खाली येईपर्यंत पाणी कोमट. बोअरचं जड पाणी असेल तर क्षार साचतात, सफाईची सोय ठेवा. पावसाळ्यासाठी विजेची जोड लागेलच.

फ्लॅट असेल तर सरळ विजेचा स्टोरेज गीझर. वीज महाग, ही तक्रार खरी, पण किती महाग ते मोजा. वीस अंशांचं पाणी चाळीसवर नेऊन भरलेल्या चार बादल्यांना साधारण दोन युनिट लागतात. गॅसच्या तुलनेत दिवसाला दहा-वीस रुपये जास्त. एवढ्यासाठी न्हाणीत जाळ आणायचा? फक्त त्याची लाइन स्वतंत्र घ्या, सोळा अँपिअरचं सॉकेट, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) लावून घ्या. भिंत उघडी आहे तोवर हे स्वस्तात होतं.

आणि तरीही कुठे गॅस गीझर चालू असताना कुणी आतून ओ देत नसेल तर वेळ दवडू नका. दार फोडा, गीझर आणि गॅस बंद करा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, स्वतः आत रेंगाळू नका. १०८ ला फोन करा. डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘गॅस गीझर चालू होता.’ बोटाला लावायचा ऑक्सिमीटर अशा वेळी चांगला आकडा दाखवू शकतो, कारण त्याला कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही. त्या आकड्यावर विसंबून घरी थांबू नका.

उद्या साइटवर जाल तेव्हा प्लंबरला एकच विचारा: गीझर कुठे बसणार आहे आणि तो कशावर चालणार? ‘गॅसवर, आतच, शॉवरच्या बाजूला’ असं उत्तर आलं तर फरशीवाल्याला दोन दिवस थांबायला सांगा.