मागील आंसाची झीज

एका वाचकभगिनींनीं विचारलें आहे कीं, घरांतील जुनी पद्मिनी गाडी मागील बाजूस सतत घुमूं लागली आहे. मिस्तरी म्हणतो, आंस झिजला आहे, वेल्डिंग भरून लेथवर उतरवून देतों. तसें करावें काय? मे महिन्यांत त्याच गाडीनें मुलांबाळांसह कोंकणांत जावयाचें आहे, असेंही त्या लिहितात. प्रश्न केवळ खर्चाचा नसल्यामुळें थोडा विस्तार करणें अवश्य वाटतें.

कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी ही गाडी बंद होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरांत निवृत्त झाली. तथापि वडिलांची आठवण म्हणून ती अद्याप अनेक घरांतून जपलेली आढळते.

इक्षूचा जसा ऊस झाला, तसाच अक्षाचा आंस. कीर्तनांतून ऐकलेल्या कथेंत कैकेयीनें दशरथाच्या रथाचें चाक आपल्या हातानें सांवरलें. त्या रथाचा आंस स्थिर होता, चाक तेवढें त्याच्याभोंवतीं फिरे. मोटारींत मात्र मागील आंस स्वतःच फिरतो, आणि या जातीच्या गाड्यांत त्यावर भारही असतो. भारानें तो किंचित् वांकतो. फिरतांना वरची बाजू खालीं येते व तो वांक उलटतो. एका किलोमीटरांत चाकाचे सुमारें ५२० फेरे होतात. म्हणजे मुंबईहून पुण्यास पोंचेपर्यंत हा वांक पाऊण लाखाहून अधिक वेळां उलटला. पोलादाला थकवा येतो तो यामुळें. चाकाजवळ आंसावर बेअरिंग घट्ट बसविलेलें असून त्याच्या आंतील अंगास एक पोलादी कडें तापवून चढविलेलें असतें. आंस चाकासकट बाहेर सरकूं न देणें हें त्या कड्याचें काम.

आतां परीक्षा. घुमणारा आवाज वेगाबरोबर वाढतो, पण गिअर काढून गाडी नुसती वाहूं दिली तरी तसाच राहतो, असें आढळल्यास दोष बहुधा चाकाच्या बेअरिंगचा समजावा. पाय दाबतांना एक सूर आणि सोडतांना दुसरा, असें असेल तर डिफरन्शलकडे पाहावें. डावीकडे वळतांना भार उजव्या चाकावर जातो. त्या वेळीं आवाज वाढला तर उजवी बाजू संशयित. गाडी सुटतांना ‘टक्’ असा धक्का बसतो तो पुष्कळदां आंसाच्या टोकावरील दांते झिजल्याचा असतो. नंतर पुढील चाकांना दोन्ही बाजूंनीं दगड लावून मागील चाक उचलावें व खालीं भक्कम घोडी द्यावी. एकट्या जॅकवर विसंबून कोणीही गाडीखालीं जाऊं नये. चाक वरखालीं व आंतबाहेर हलवून पाहावें. ड्रमवर तेल दिसल्यास ब्रेकही बिघडले असें धरावें. तेल गळतें म्हणून सील बदलण्यापूर्वीं हौसिंगवरील श्वासछिद्र चिखलानें बुजलें आहे कीं काय तें पाहावें. बुजलेल्या छिद्रामुळें आंतील दाब वाढून नवें सीलही गळतें. ही फुकटची तपासणी पुष्कळ मिस्तरी करीत नाहींत.

आंस बाहेर काढल्यावर बेअरिंगची बैठक मायक्रोमीटरनें दोन दिशांनीं मोजावी. ती बेअरिंगच्या भोंकापेक्षां शतांश मिलिमीटरांच्या हिशेबानें मोठी असली पाहिजे. तेवढी घट्टी गेली कीं बेअरिंग आंसावरच फिरूं लागतें आणि बैठक आणखी खातें. अशा वेळीं पंचानें टोंचे मारून बैठक फुगविणें ही निव्वळ फसवणूक होय. वेल्डिंगचा उपाय त्याहून वाईट. आंस मुळांत विशिष्ट रीतीनें तापवून कणखर केलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनें तो गुण नष्ट होतो, आणि जेथें भरलेला भाग संपतो नेमक्या त्या कडेला, जेथें वांक अधिक, तेथें तडा धरतो. तो मोडतो तेव्हां चाक आणि ड्रम दोन्ही गाडी सोडून जातात.

फक्त सीलच्या ओठानें चरा पडला असेल तर त्यावर पातळ पोलादी बाही चढवून काम भागतें. बैठकच गेली असेल तर आंस बदलावा. जुन्या बाजारांतील आंस घेतल्यास तो लेथच्या दोन टोकांमध्यें फिरवून सरळ आहे ना, दांत्यांच्या रेषा पिळवटल्या नाहींत ना, हें आधीं पाहावें. डाव्याउजव्याची लांबी जुन्याशीं ताडून घ्यावी. जुनें कडें छिनीनें फोडतांना आंसाला ओरखडा लागूं देऊं नये. तड्याला तेवढें निमित्त पुरतें. कडें नेहमीं नवेंच घालावें. तापवावयाचें तेंच, आंस किंवा बेअरिंग नव्हे. आणि तेंही लाल होऊं देऊं नये.

तेव्हां त्या भगिनींनीं मिस्तरीस स्पष्ट नकार द्यावा, आणि नवा आंस मिळेपर्यंत ही गाडी घाटांत नेऊं नये. मिळून बसविल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरांनंतर थांबून दोन्ही मागील ड्रमांजवळ हात धरून पाहावा. ब्रेक फारसा न लावतांही एक दुसऱ्याहून बराच गरम लागला, तर तें चाक पुन्हां उघडावें.